साठीनंतरचा सा

संध्याकाळी सहाच्या सुमारास दादर पश्चिमेच्या एखाद्या संगीत वर्गाचा जिना चढून पाहावे. ओळीने मांडलेल्या पेट्या, त्यांच्यामागे आठ-दहा वर्षांची मुले, आणि भिंतीला पाठ टेकता यावी म्हणून मुद्दाम धरलेल्या कोपऱ्यात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ. बँकेतून, महापालिकेतून नाहीतर पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेले. मुले 'सारेग, रेगम' दुप्पट लयीत संपवून दप्तरे उचलतात, तेव्हा गृहस्थ 'गमप'पाशी अडलेले असतात. शेजारची मुलगी समजूतदारपणे सांगते, 'आजोबा, तिसरं बोट.' आजोबा हसतात. तीन-चार महिन्यांनी तो कोपरा रिकामा दिसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही काळ तो कोपरा माझाही होता.

असा माणूस वर्ग का सोडतो, याचे ठरलेले उत्तर 'वय' असे आहे. त्यात अर्धे तथ्य आहे. अनामिका आणि करंगळी साठीनंतर सहज ऐकत नाहीत. उजवा हात पट्टी शोधू लागला की डावा भाता मारायचा विसरतो आणि सूर मध्येच विरून जातो. लहान मुलाला एका आठवड्यात जे जमते, त्याला आपल्याला महिना लागतो. पण महिना लागला तरी ते जमते, हेही तितकेच खरे. एका बैठकीत तासभर झगडण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे दिली, तर बोटे हळूहळू वळू लागतात. शिवाय हाताशी वेळ असतो, आणि पन्नास वर्षे नाट्यसंगीत, अभंग ऐकून कान तयार झालेला असतो. आठ वर्षांच्या मुलाकडे यातले काहीच नसते. अडचण अशी की हा तयार कानच आपल्या बेसूर हाताची सगळ्यात जास्त टिंगल करतो.

सॉक्रेटिसचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. तो म्हातारपणी तंतुवाद्य शिकला म्हणे. दाखला देणारे त्यातली खरी गंमत मात्र सांगत नाहीत. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस स्वतःच सांगतो, की कॉनस नावाच्या वादकाकडे तो मुलांच्या बरोबरीने बसून शिकत असे. मुले त्याला हसत, आणि त्याच्यापायी त्या बिचाऱ्या गुरूलाही म्हाताऱ्यांचा मास्तर म्हणून चिडवत. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्येही आजोबांची सोय मुलांच्याच ओळीत होती. सॉक्रेटिसला हसण्याचे काही वाटत नसे. आपण सगळे सॉक्रेटिस नसतो.

आता पेटीविषयी थोडे. उतारवयात माणसे पेटीकडेच वळतात, याला कारण आहे. व्हायोलिनवर स्वराची नेमकी जागा सापडेपर्यंतच वर्ष निघून जाते. सतारीची तार आधी बोटाची साल काढते. पेटीवर पट्टी दाबली की स्वर हजर. या वाद्यावरचा जुना आरोपही हाच. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात जन्मलेली, पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारण्याजोगी केलेली ही पेटी. तिच्यातून मींड निघत नाही, बारा स्वर कायमचे ठोकून बसवलेले, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले. रवींद्रनाथ ठाकुरांचाही तिच्यावर रोष होता. पुढे सुमारे तीस वर्षे ती बंदी टिकली. त्याच काळात गोविंदराव टेंबे, पी. मधुकर आणि पुढे तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांनी महाराष्ट्रात या 'परक्या' वाद्यातून काय काय काढून दाखवले, तो निराळा विषय. माझे म्हणणे एवढेच, की पंडितांनी ज्या दोषासाठी पेटीला शिक्षा केली, तोच दोष साठीनंतर शिकणाऱ्याचा आधार आहे. पहिल्याच दिवशी त्याच्या हातून खरा सा निघतो.

आणि या एका सा च्या जोरावर माणसाला मैफलीत बसवून घेण्याची रीत आपल्याकडे होती. लालबाग-परळच्या चाळींत ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांची भजनी मंडळे गल्लोगल्ली होती. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक साचेवाले काका होते. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभे राहून कानाला थोडे कमी ऐकू येऊ लागलेले. चाळिशी उलटल्यावर त्यांच्या मनात पेटी शिकायचे आले. बुवांनी त्यांना ना पलटे दिले, ना वही. 'जवळ बसा आणि सा धरून ठेवा,' एवढेच सांगितले. मंडळाची एक जुनी पेटी होती. तिच्यावर काका महिनोन्महिने नुसता सा धरून भाता मारीत बसले. मग सा-प. मग ध्रुवपद कोरसने उचलले, की त्याच्यामागून बोटे टाकू लागले. चुकले तर टाळ-पखवाजात चूक बुडून जाई. वर्ष-दोन वर्षांत काका गजर वाजवू लागले. राग कोणता, हे त्यांना अखेरपर्यंत सांगता आले नाही.

या रीतीचे मोठेपण असे की शिकणारा पहिल्या दिवसापासून उपयोगी होता. तो 'विद्यार्थी' नव्हता, मंडळातला एक होता. वर्गात नेमके याच्या उलट होते. मला तिथे तिसऱ्याच महिन्यात 'प्रारंभिक'चा फॉर्म पुढे केला गेला. परीक्षा नको म्हटल्यावर शिक्षकांचा चेहरा उतरला. मग शिकायचे कशासाठी, असा प्रश्न त्यावर स्पष्ट वाचता येत होता.

परीक्षांची निंदा मला करायची नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये ते मुंबईत आणले. १९३१ नंतर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी गाणे गिरगावा-दादरच्या मध्यमवर्गीय घरांत, विशेषतः मुलींपर्यंत, सन्मानाने पोचवले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही शिडी मुलांसाठी उत्तमच आहे. त्यांच्यापुढे चढायला आयुष्य पडलेले असते. पण बासष्टाव्या वर्षी विशारद होऊन कोणाला दाखवायचे? या वयात शिकणाऱ्याला शिडीपेक्षा सतरंजी हवी असते, चार माणसांत बसता येईल अशी.

ती सतरंजीच आता गुंडाळली गेली आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि पुढच्या वर्षांत गिरणगाव पांगले. कोणी गावी परतले, कोणी बदलापूर-विरारला गेले. बुवा एकीकडे, पखवाजी दुसरीकडे. परळचे १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह, जिथे डबलबारीला गर्दी लोटायची, तेही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. चाळीच्या जागी टॉवर आले. टॉवरमध्ये तीस मजल्यांची माणसे राहतात, पण दार लावून घेतल्यावर शिकाऊ पेटी कोणाला ऐकू जात नाही; आणि गेलीच, तर खालून इंटरकॉम वाजतो. चाळीत काकांचा कच्चा सा साऱ्या मजल्याने ऐकला होता. लोक वैतागत, पण पुढे तो पक्का झाल्याचे त्यांनाच आधी कळले.

बायकांच्या बाबतीत चित्र बरे आहे, हे कबूल केले पाहिजे. महिला भजनी मंडळे अजून टिकून आहेत, आणि पन्नाशीनंतर पेटीला हात घालणाऱ्या कितीतरी जणी त्यांतून तयार होतात. पुरुष मात्र निवृत्तीनंतर कट्ट्यावर राजकारण करतात किंवा एकट्याने मोबाईलवर बघून पेटी शिकतात. मोबाईल चांगला शिकवतो, यात वाद नाही. पण तो आपल्याबरोबर गात नाही.

माझी सूचना साधी आहे. गिरगावापासून लालबागपर्यंत सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या कचेऱ्या आहेत. उत्सवाचे दिवस सोडले, तर त्यांतल्या कितीतरी संध्याकाळी रिकाम्याच असतात. आरतीची पेटी बहुधा तिथेच कपाटावर धूळ खात असते. आठवड्यातली एक संध्याकाळ तिथे भजनासाठी राखून ठेवावी, जुना जाणता एखादा बुवा बोलवावा, आणि ज्याला काही येत नाही अशा ज्येष्ठालाही आत घ्यावे. खर्च चहाचा आणि पेटीचे सूर लावून घेण्याचा. वर्गणीचे आकडे पाहता तो जड जाऊ नये.

आमच्या इमारतीच्या गणपतीत गेल्या वर्षी मी बिचकत पेटी पुढे ओढली. पहिल्या आरतीला टाळ पुढे गेले, मी दोन ओळी मागे राहिलो. कोणी थांबले नाही, कोणी वळूनही पाहिले नाही. दुसऱ्या आरतीला मी बोटे आवरली आणि शेवटपर्यंत नुसता सा धरून ठेवला.