खांबावरची अढी आणि मनातली अढी

मराठीत 'अढी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक व्यायामशाळेतला, दुसरा घरातला. मल्लखांबावर हातांनी खांब धरावा, कंबर व पाय वर उचलावेत, डोके खाली येऊ द्यावे आणि पायांच्या पकडीत खांब घट्ट धरून राहावे, या मूळ कृतीला अढी म्हणतात. तेढी, बगली, दसरंग, फिरकी या पुढच्या प्रकारांकडे जाणारी वाट अढीवरून जाते. दुसरी अढी मनात बसते. एखाद्या माणसाविषयी किंवा कामाविषयी नाराजी आत घर करून राहिली की 'त्याच्या मनात अढी बसली' असे आपण म्हणतो. पहिली अढी बसावी म्हणून मोठ्या माणसांनी घाई केली, तर पुष्कळदा दुसरीच आधी बसते. मुलांना खेळाच्या सरावाला पाठविणाऱ्या प्रत्येक घराने या दोन अढींचा विचार एकत्र करावा, इतका त्यांचा संबंध जवळचा आहे.

मल्लखांब हा मुळात मल्लांच्या सरावासाठी उभारलेला खांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधर यांनी या विद्येला नवे जीवन दिले, असे तिच्या इतिहासात मानले जाते. सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, वर निमुळता होत जाणारा हा खांब. खाली अंग, त्यावर मान आणि टोकाला बोंड. त्याला एरंडेल तेल लावतात, म्हणजे अंग घासून सोलवटत नाही. कुस्तीत समोर प्रतिस्पर्धी असतो. तो डाव टाकतो, फसवतो, हरवतो. खांब यांपैकी काहीच करीत नाही. तो जागेवर उभा असतो आणि त्याच्यावर चढणाऱ्याला त्याचे स्वतःचे बळ किती आहे, एवढेच दाखवून देतो.

अलीकडे या विद्येला मानाचे दिवस आले आहेत. 2019 मध्ये मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुढे खेलो इंडिया युवा स्पर्धांत आणि 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांबाचा समावेश झाला. हिमानी परब हिला 2021 चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. अशा बातम्या घरोघरी वाचल्या जातात आणि त्यांतून उमेद वाढते, हे चांगलेच आहे. मात्र बातमीत शिखर दिसते, पायऱ्या दिसत नाहीत. त्यामुळे पालकाचे ध्येय एका वाक्यात तयार होते आणि ते पेलण्याचे काम अकरा वर्षांच्या मुलीच्या मनगटांवर येऊन पडते.

हळदीची आडत असलेले सांगलीतील एक घर वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. घरातील मुलगी उन्हाळी शिबिरातून परतली ती मल्लखांबाचे वेड घेऊनच. जूनमध्ये तिचा रीतसर सराव सुरू झाला. वडिलांना कौतुक वाटले. पेठेत चार स्नेह्यांसमोर ते बोलून गेले की, डिसेंबरच्या जिल्हा स्पर्धेत आमची मुलगी उतरणार. मुलीला तोवर खांबावर धड चढताही येत नव्हते.

ऑगस्ट संपेपर्यंत तिच्याबरोबर आलेल्या बहुतेक मुलींची अढी बसली. हिचे पाय वर जात, खांबाला लागत आणि घसरून खाली येत. वडील रात्री दुकानातून आले की विचारीत, "आज काय जमले?" प्रश्नात प्रेमच होते, परंतु त्याचे उत्तर रोज एकच असे, आणि ते उत्तर देताना मुलीची मान खाली जाई. सप्टेंबरमध्ये सरावाच्या वेळेला तिचे पोट दुखू लागले. आजीने दोन दिवस ओवा दिला. तिसऱ्या दिवशी मात्र रविवार होता, सरावाला सुट्टी होती आणि पोट दुखले नाही. आजीच्या ध्यानात सारे आले. "हिच्या पोटात काही नाही," ती सुनेला म्हणाली, "हिच्या मनात आहे."

येथे शरीराचा स्वभाव थोडा समजून घेणे आवश्यक आहे. नव्या व्यायामाला आरंभ केला की पहिल्या काही आठवड्यांत प्रगती जलद वाटते, कारण असलेल्या स्नायूंना एकत्र काम कसे करावे हे मज्जासंस्था शिकत असते. स्नायूंचे खरे बळ त्यानंतर सावकाश वाढते आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे त्याहूनही सावकाश बळकट होतात. म्हणून उत्साहाचे पहिले दिवस सरल्यावर एक सपाट काळ येतो. सराव चालू असतो, पण पुढे सरकल्यासारखे वाटत नाही. याच काळात मुले सराव सोडतात आणि याच काळात घाई केली तर दुखापत होते. त्यात वाढीचे वय. उंची भराभर वाढू लागली की कालपर्यंत सहज जमणारी कृतीही काही दिवस अवघड होते. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

मुलीची आई प्रशिक्षिकेला भेटावयास गेली. प्रशिक्षिकेने मुलीला बोल लावला नाही आणि तिची खोटी प्रशंसाही केली नाही. तिने सांगितले, "हिचे खांदे आणि पोट अजून कच्चे आहेत. पाय वर जातात ते झोक्याने. ताकदीने जात नाहीत. महिनाभर अढीचे नावच काढायचे नाही." त्याऐवजी तिने तीन कामे नेमून दिली. हातांच्या पकडीवर खांबाला लोंबकळून पंधरापर्यंत मोजावे. जमिनीवर उताणे झोपून दोन्ही पाय जुळवून सावकाश वर न्यावेत आणि तितकेच सावकाश खाली आणावेत. खांबाच्या मानेपर्यंत चढावे आणि घसरत न येता हळूहळू उतरावे. आठवड्यातून दोन दिवस खांबाला हात लावायचा नाही. अंग दुखणे आणि सांधा दुखणे यांतील फरक ओळखायचा. मनगट, खांदा किंवा मान दुखली तर त्याच क्षणी सांगायचे, सोसायचे नाही.

आणखी एक अडचण घरातच होती. सराव सायंकाळी पाच ते साडेसहा. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा घरचा नियम. दिवस लहान होऊ लागले तशी मुलगी पोटभर जेवून सरावाला जाई, नाहीतर उपाशीच झोपे. भरल्या पोटी डोके खाली करणे शरीराला मानवत नाही आणि उपाशी अंगात रात्रीची झीज भरून येत नाही. मग आठवड्यातील तीन सराव सकाळच्या तुकडीत घेण्याचे ठरले. मुलीला पहाटे सोडावयास कोण जाणार, एवढाच प्रश्न उरला. तो आजोबांनी सोडविला. ध्येय वास्तवातले असावे याचा एक अर्थ असाही आहे. ते घरच्या घड्याळात बसले पाहिजे. ज्या ध्येयासाठी घराला रोज स्वतःशीच भांडावे लागते, ते फार दिवस टिकत नाही.

आजोबांनी दुसरीही एक गोष्ट केली. दुकानातील लाल कापडी बांधणीची एक कोरी वही त्यांनी नातीच्या हातात ठेवली आणि सांगितले, "रोज एक ओळ लिहायची. तारीख आणि किती मोजले, एवढेच."

"आणि काही जमले नाही तर?"

"तेही लिहायचे. ज्याच्या वहीत फक्त नफ्याचे दिवस असतात, तो व्यापारी दिवाळीला फसतो."

वहीत नोंदी पडू लागल्या. लोंबकळून सहा. सहा. पाच. आठ. पर्युषणाच्या दिवसांत पुष्कळ खाडे झाले. त्यानंतरच्या पहिल्या दिवशी आकडा पुन्हा सहावर आलेला पाहून मुलगी रडकुंडीस आली. आजोबांनी वही हातात घेतली. खाडा झाला म्हणून खाते बंद होत नसते, शिल्लक पुढे ओढून घ्यायची असते, असे सांगून त्यांनी तिच्याकडून पुढची तारीख लिहवून घेतली. चौथ्या दिवशी आकडा आठवर गेला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पंधरा झाला.

सरावातील उमेद टिकविण्याचे मर्म येथे आहे. 'जिल्ह्यात पहिला क्रमांक' हे ध्येय मुलाच्या हातात नसते. त्या दिवशी दुसरी मुले कशी खेळतात, पंच कसे गुण देतात, यांवर ते अवलंबून असते. 'आठवड्यातून चार दिवस सराव करीन आणि लोंबकळून पंधरा मोजीन' हे मात्र सर्वस्वी त्याच्या हातात असते. व्यापारी माणसाला हा भेद शिकविण्याची गरज नाही. हळदीचा भाव कोणाच्या हातात नसतो. दुकान वेळेवर उघडणे, वजन चोख ठेवणे, माल ओलाव्यापासून जपणे हे हातात असते. पेढी चालते ती या दुसऱ्या गोष्टींवर. दुकानात पाळलेले हे शहाणपण अनेकदा उंबरठ्याबाहेर ठेवून आपण घरात शिरतो आणि मुलांना मात्र भाव किती आला एवढेच विचारतो.

दिवाळीनंतर स्पर्धेसाठी नावे देण्याची वेळ आली. प्रशिक्षिकेने स्पष्ट सांगितले की, मुलीला यंदा उतरवू नये. वडिलांना ते जड गेले. पेठेत शब्द गेला होता आणि आडतीच्या धंद्यात शब्दाला किंमत असते. नाव तर देऊ, जमेल तेवढे करील, असे ते म्हणू लागले. त्या रात्री आजोबांनी मुलाला एकट्याला बोलावले.

"अरे, आपण आडते," ते म्हणाले. "माल शेतकऱ्याचा असतो. त्याला न विचारता आपण कधी सौदा केला आहे का?"

"नाही."

"मग हा कसा केलास? शब्द तू दिलास, पण अंग तिचे आहे."

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेठेत एकाने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, "यंदा नाही. तिची तयारी व्हायची आहे." कोणी थोडे हसले. ते हसणे त्यांनी ऐकून घेतले आणि कामाला लागले. मुलीसाठी त्यांनी त्या वर्षी शिकवणी, गणवेश, फराळ यांवर जो खर्च केला, त्या सर्वांपेक्षा ही किंमत मोठी होती. मुलांची ध्येये वास्तवात आणावयाची म्हणजे मोठ्यांनी आपला थोडा मान खाली ठेवावयाचा असतो. घरोघरी अडते ते येथे. मुलाची ताकद कमी पडते त्यापेक्षा आपली माघार घेण्याची ताकद अधिक वेळा कमी पडते.

स्पर्धेच्या दिवशी मुलगी आपल्या तुकडीबरोबर गेली. खेळणाऱ्या मुलींच्या पाण्याच्या बाटल्या तिने सांभाळल्या आणि प्रत्येकीची अढी बसताना ओठांत आकडे मोजले. परतताना ती गप्प होती. तिला वाईट वाटले होते आणि कोणी तिची समजूत काढली नाही, हेही बरेच झाले. थोडे वाईट वाटणे हा सरावाचाच भाग आहे. ते लाजेत बदलू नये, एवढीच काळजी घ्यावयाची असते. त्या रात्री वडिलांनी 'काय जमले' असे विचारले नाही. त्यांनी विचारले, "उद्या सकाळी सराव आहे ना? आजोबांना थंडी बाधते. मी येतो सोडायला."

जानेवारीतील एका साध्या मंगळवारी, पाहुणे नसताना, टाळ्या नसताना, अढी बसली. लाल वहीत त्या दिवशीची ओळ अशी आहे: 'अढी बसली. पाच मोजले.' त्याखाली बुधवारची ओळ: 'बसली नाही.' त्याखाली शुक्रवारची: 'बसली. तीन मोजले.'

आजोबांनी वही पाहिली. मंगळवारच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले आणि ते हसले. परंतु ते अधिक वेळ थांबले ते बुधवारच्या ओळीवर. काल मिळालेले आज निसटले, तरी मुलीने ते लपविले नव्हते, वही फेकली नव्हती आणि शुक्रवारी ती पुन्हा खांबाजवळ उभी राहिली होती. ज्या मुलाला 'आज बसली नाही' असे न घाबरता घरात सांगता येते, त्याच्या मनात अढी बसण्याचे कारण उरत नाही. मग खांबावरची अढी आज ना उद्या बसतेच.