गुणाकार बुक आणि गणकयंत्र

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचा मुलगा इयत्ता नववींत. त्रिकोण-चौकोनांचीं क्षेत्रफळें हातानें काढण्याचा गृहपाठ पाहून ते त्रासले होते. खिशांतील मोबाईल आमच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सर, ह्या सगळा हो मोबाईल करता, मगे पोरांका कित्याक घासूक लावतास?" प्रश्न रास्त होता, व त्यांत रागापेक्षां काळजीच अधिक होती. त्या वेळीं आम्हीं जें उत्तर दिलें तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. म्हणून येथें जरा विस्तारानें लिहीत आहों.

आपल्या मालवण किनाऱ्यावर जमिनीची गोष्ट एकरांत कोणी करीत नाहीं, गुंठ्यांत करतात. सड्यावरची भरड, उतारावरचे कुणगे, व्हाळाकाठचें वायंगण, वाळूंतली माडांची बाग, असे एकाच घराचे चार ठिकाणीं चार तुकडे. आणि एकेका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नांवें. मुंबईचे भाऊ गणपतीला घरीं आले कीं आरती आटोपल्यावर गडग्याची गोष्ट निघते. गडगा हातभर सरकला किंवा नाहीं, एवढ्यावर दोन घरांतील जाणें-येणें बंद पडलेलें आम्हीं पाहिलें आहे. अशा मुलखांत क्षेत्रफळाचें गणित हें केवळ पुस्तकांतलें उदाहरण राहत नाहीं. गावांतील जवळजवळ प्रत्येक मूल त्या गणिताच्या उत्तरावर उभें आहे.

हें गणित पूर्वीं कसें होत असे? भूमि अभिलेखाच्या जुन्या दप्तरांत टिपण, फाळणी, आकारफोड यांच्या जोडीला एक वही असते. तिचें नांव 'गुणाकार बुक'. नांव साधें, पण आम्हांस फार आवडतें. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्याची जी मोजणी सुरू केली, तिच्या परंपरेंतील हीं दप्तरें. माप ३३ फुटांच्या साखळीचें; साखळीचे आणे १६. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हीं मापें ज्यानें ठरविलीं त्याला गुणाकार करणाऱ्या माणसाची दया होती, असें म्हटलें पाहिजे! शेतांत एक सरळ रेघ धरावयाची, बांधाच्या प्रत्येक वळणापासून तीवर लंब टाकावयाचा, म्हणजे कसल्याही वेड्यावांकड्या शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन होतात. एकेकाचा गुणाकार मांडावयाचा व शेवटीं बेरीज. या वहीचा मोठा गुण असा कीं, तींत उत्तरासारखीच वाटही लिहिलेली असते. शंभर वर्षांनीं एखाद्या नातवानें ती उघडली, तर पणजोबांच्या शेताचा गुणाकार कोठें चुकला हें तो बोट ठेवून दाखवूं शकतो.

आतां यंत्राकडे वळूं. मोजणीचा हिशेब करणाऱ्या माणसालाच एके काळीं इंग्रजींत 'कॉम्प्युटर' म्हणत. १८३१ सालीं राधानाथ सिकदार हे बंगाली तरुण त्रिकोणमितीय सर्वेक्षणांत याच पदावर रुजू झाले, आणि जगांतील सर्वांत उंच शिखराची २९,००२ फूट ही उंची ज्या गणनेंतून निघाली तींत त्यांचा मोठा वाटा होता. २०२० सालीं जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे दोहोंत तीस फुटांचाही फरक नाहीं. हें सर्व हातानें, तक्त्यांच्या आधारानें! पुढें १९७४ सालीं ह्युलेट-पॅकार्ड कंपनीनें 'एचपी-६५' हें हातांत मावणारें गणकयंत्र काढलें. आकडेमोडीचा क्रम त्यास एकदां शिकवून चुंबकीय पट्टीवर जपून ठेवतां येई. पायऱ्या मात्र शंभरच. किंमत ७९५ डॉलर. भूमापनाच्या तयार प्रोग्रॅमांचा संचही त्याच्यासाठीं मिळे. जें काम शेतावरून कचेरींत येऊन होत असे, तें शेताच्या बांधावर उभ्याउभ्या होऊं लागलें. आज तेंच काम आपल्या खिशांतील मोबाईल करतो.

त्याचा उपयोग कोणीं नाकारूं नये. आपल्यासमोरच्या सिंधुदुर्गाचेंच पाहा ना. किल्ल्याचें क्षेत्र ४८ एकर, म्हणजे १,९२० गुंठे, असें पुस्तकांत वाचतों. पण तो तट इतका नागमोडी कीं त्याच्या वळणांचे निर्देशक घेऊन क्षेत्र काढावयाचें झाल्यास प्रत्येक कोपऱ्याला दोन गुणाकार; शंभर कोपरे धरले तर दोनशें. हातानें करणारा माणूस दीडशाव्या गुणाकाराला थकतो व चुकतो. यंत्र थकत नाहीं. म्हणून त्या पालकांच्या भेटीनंतर आम्हीं ठरविलें कीं, मुलांच्या हातीं यंत्र देऊनच पाहावें.

जानेवारींत नववीच्या मुलांना घेऊन शाळेचें मैदान मोजलें. तें जवळजवळ काटकोनी आहे. ८० मीटर लांब, ६० मीटर रुंद. साधनें म्हणजे एक कंपास व ३० मीटरांची एक फीत. चार बाजू व चार दिशा मोबाईलमध्यें भरल्या कीं क्षेत्रफळ निघावें, असा प्रोग्रॅम आम्हींच रात्रीं बसून तयार केला होता व त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. एका गटाचें उत्तर आलें ३७९२.०० चौरस मीटर. दशांशचिन्हापुढें दोन शून्यें पाहून मुलें खूष झालीं, आम्हीही झालों. इतक्यांत एका मुलीनें पडद्यावर उमटलेली आकृति पाहून विचारलें, "सर, आपलं मैदान असं वरून आंवळलेलं कुठं आहे?"

तपास केला तेव्हां उलगडा झाला. एका लांब बाजूवर दोन पूर्ण फिती व वर २० मीटर व्हावयाचे. त्यांतील एक फीत मोजावयाची राहिली व वहींत ८० च्या जागीं ५० लिहिले गेले. खरें क्षेत्र ४८०० चौरस मीटर, सुमारें साडेसत्तेचाळीस गुंठे. यंत्रानें सांगितलेलें सुमारें साडेसदतीस. दहा गुंठे नाहींसे झाले होते, आणि मैदानाचे चारही कोपरे कागदावर अगदीं नेटके जुळत होते!

ते कां जुळले, हेंच समजण्यासारखें आहे. मोजणीची वाट जेथून निघाली तेथेंच परत आली पाहिजे. प्रत्यक्षांत ती थोडी अलीकडे-पलीकडे येते. फीत सैल पडते, कंपासची सुई थरथरते. हें उरलेलें अंतर सर्व बाजूंवर त्यांच्या लांबीच्या प्रमाणांत वाटून द्यावें, असा नियम अमेरिकेंतील नौकानयनशास्त्राचे पंडित नॅथॅनिएल बाउडिच (१७७३–१८३८) यांनीं घालून दिला. नियम चांगला आहे. पण तो अपरिहार्य बारीक चुकांसाठीं आहे. कंपास व फीत यांच्या मोजणींत तीनशें मीटरांस एखादा मीटर चुकला तर वाटून टाकावा. आमच्या प्रोग्रॅमनें तीस मीटरांची घोडचूकही त्याच शिस्तीनें वाटून टाकली. जी बाजू बरोबर ८० मोजली होती ती ७०.४ झाली; जी ५० लिहिली होती ती ५६ झाली. चुकलेल्या एका बाजूचा दोष बरोबर असलेल्या तीन बाजूंनीं वांटून घेतला, व कोणीं काय केलें हें कळण्यास मार्गच उरला नाहीं. शाळेच्या मैदानावर हें हंसण्यावारी गेलें. तेंच चार भावांच्या वाटणींत झालें असतें तर?

येथें आमचें मत स्पष्ट सांगतों. यंत्र मुलांच्या हातीं द्यावें. पण दुसऱ्यानें शिकविलेलें यंत्र प्रथम देऊं नये. मुलानें एक शेत हातानें, गुणाकार बुकाच्या पद्धतीनें करावें, आणि मग तोच क्रम स्वतः यंत्रास शिकवावा. ज्यास एकेक पायरी यंत्राला सांगावयाची आहे त्यास ती पायरी आधीं समजावीच लागते. या दृष्टीनें प्रोग्रॅम करतां येणारें गणकयंत्र हें शिक्षकाचें वैरी नसून कडक मदतनीस आहे. आमच्या काहीं सहकाऱ्यांस हें रुचत नाहीं. यंत्र आलें कीं पाढे गेले, असें ते म्हणतात, व त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. तंत्रनिकेतनाच्या प्रश्नपत्रिकांवरसुद्धां प्रोग्रॅम भरतां न येणारेंच गणकयंत्र चालेल अशी सूचना असते. परीक्षेपुरतें तें योग्यच. कारण परीक्षेंत मुलाला येतें कीं नाहीं हें पाहावयाचें असतें. शेतावर मात्र उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असतें.

आमच्या प्रोग्रॅमांत आतां एक पायरी वाढविली आहे. वाट परत आल्यावर किती अंतर उरलें तें तो आधीं सांगतो. तें तीनशांत एकाहून अधिक असल्यास वाटणी न करतां 'पुन्हां मोजा' म्हणून थांबतो. ही पायरी त्याच मुलीनें लिहिली. दुसरी एक लहान गोष्ट मुलांनीं ध्यानांत ठेवावी: ४५ अंश ३० कला हें माप यंत्रांत ४५.३० असें भरलें कीं तें ४५ अंश १८ कला समजतें. शंभर मीटरांवर हा फरक सुमारें पस्तीस सेंटिमीटर होतो. तेवढ्यांत गडगा मावतो.

पालकांसही दोन शब्द. सरकारी मोजणी आतां ईटीएस व रोव्हर या यंत्रांनीं होते, व ती साखळीहून पुष्कळच सूक्ष्म असते. तेव्हां आमचा फितीचा हिशेब घेऊन कोणी मोजणीदारांशीं भांडावयास जाऊं नये. परंतु मोजणीच्या नकाशाची प्रत घरीं आली कीं ती ट्रंकेंत न ठेवतां मुलांपुढें ठेवावी. त्यावरील बाजू मोजून, लंब टाकून, क्षेत्र त्यांना काढावयास सांगावें. एकदां कागदावर, एकदां मोबाईलवर. दोन्ही उत्तरें जुळलीं नाहींत तर कां जुळलीं नाहींत हें विचारावयास मुलांनीं आमच्याकडे यावें, शनिवारीं शाळा सुटल्यावर.

यंदा जानेवारींत मैदान पुन्हां मोजावयाचें आहे, व या खेपेस मागील बाजूची तिरकी जागाही घेणार आहों. ते पालकही येतों म्हणाले आहेत. शाळेची फीत एकच आहे. ज्यांच्या घरीं दुसरी असेल त्यांनीं ती बरोबर आणावी.