यंत्र चालू, कागदावर मृत

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी साक्रीत विशेष काही घडले नाही. दिवाळी आठवड्यावर आली होती, लोक खरेदीच्या गडबडीत होते. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली खरी. पण पुढे विंडोज ११ घ्या, हा सांगावा स्पष्ट होता. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. शहरातल्या कचेऱ्यांतून उतरून साक्री-पिंपळनेरपर्यंत पोचणारी जुनी यंत्रे या चाळणीतून बहुधा खालीच पडतात.

बँकेत हयात गेल्यामुळे मला अशा गोष्टींकडे घसाऱ्याच्या नजरेने पाहण्याची खोड आहे. संगणकावर दरसाल ३३.३३ टक्के घसारा धरायचा, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना दंडक. म्हणजे तीन वर्षांत किंमत शून्य. पण शून्य आमच्या खातेवहीत पडे. यंत्र दुसऱ्या दिवशीही मुकाट्याने कामाला लागे. आता वहीतले मरण थेट यंत्रावर येते, आणि त्याची तारीख मालक नव्हे, विक्रेता ठरवतो. कांदा विकून मुलीसाठी जुना संगणक आणणाऱ्या बापाला हे कोणी विचारलेले नसते.

यावर उतारा आहे आणि तो फुकट आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. तो कोणालाही तासून-छाटून वापरता येतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी काउलर यांनी २००३ मध्ये त्यातून पपी लिनक्स घडवले. ते पेनड्राइव्हवरून सुरू होते आणि सगळेच्या सगळे रॅममध्ये जाऊन बसते. हार्ड डिस्क बिघडलेली असली तरी अडत नाही. टायनी कोअर तर पंचवीस एमबीच्या आसपास. मोबाइलवर येणारे लग्नाचे व्हिडिओ याहून जड असतात!

मग हे घरोघरी का नाही? एक कारण आपल्या मराठीतच आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्या कितीतरी डीटीपीवाल्यांची सारी पुंजी श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या जुन्या फॉन्टांत अडकली आहे. युनिकोडमधली मराठी लिनक्सवर उत्तम चालते. पण जुन्या फायली बदलत बसायला हंगामात वेळ कोणाला? दुसरे कारण शिक्षणाचे. २००१ पासून एमएस-सीआयटीने गावोगावी लोकांना संगणकापुढे बसवले, हे मोठेच काम. पण तिथे हात वळला तो मुख्यतः विंडोज आणि ऑफिसवर. बटणाची जागा बदलली की आपण बावरतो. केरळने २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल सुरू केले आणि पुढे सरकारी शाळांत मुक्त प्रणालीच रुजवली. तिथली मुले काही मागे पडली नाहीत.

मात्र चमत्काराची आशा धरू नये. प्रणाली हलकी झाली तरी आजची संकेतस्थळे जडच राहतात. एक-दोन जीबीच्या यंत्राला ब्राउझरच धाप लावतो. ३२ बिटांच्या फार जुन्या यंत्रांना तर आता लिनक्सवालेही निरोप देत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठीची स्थापना बंद केली, नोव्हेंबरात फायरफॉक्सनेही लिनक्सवर त्यांची साथ सोडली. अशा यंत्रावर लिहिणे, टंकलेखन शिकणे, हिशेब मांडणे एवढेच करावे. दहावीच्या मुलीला तेवढेही पुष्कळ आहे. आणि देखभाल संपलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार मात्र कोणी करू नयेत, हे जुन्या सवयीने सांगून ठेवतो.

राहता राहिल्या शाळा. जडसंग्रह नोंदवहीत नाव असलेले संगणक कपड्याखाली झाकून ठेवायचे, मग एक दिवस निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवायचा, ही आपली रीत. प्रस्तावावर सही करण्यापूर्वी गुरुजींनी त्यात एक पेनड्राइव्ह घालून तासभर पाहावे. त्याला निविदा लागत नाही.