करवलीचा बहुरूपी पोशाख

बडोद्यातील अनेक जुन्या मराठी घरांतील मुली आज अमेरिकेत आहेत. तिकडे मैत्रिणीच्या लग्नात ‘ब्राइड्समेड’ म्हणून, म्हणजे आपल्या करवलीसारखे, वधूच्या पाठीशी उभे राहण्याचे निमंत्रण येते आणि त्यामागोमाग पोशाखाचा खर्च येतो. इंग्लंडात तो बहुधा वधूकडची मंडळी करतात. अमेरिकेत वधूने पसंत केलेला झगा सखीने स्वतःच्या पैशाने घ्यावा, असा रिवाज आहे. आपल्या करवलीला मानाची साडी मिळते. तिकडे मानाबरोबर बिल येते!

एकसारख्या पोशाखातील सख्यांची हौस जुनीच. १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या विवाहात बारा मुली शुभ्र पोशाखात तिच्यामागून चालल्या होत्या. परंतु बारा जणींची अंगलट काही एक नसते. म्हणून मापाचे झगे कित्येक महिने आधी सांगावे लागतात आणि त्यात जोखीम असते. जुलै २०१७ मध्ये अल्फ्रेड अँजेलो ही नावाजलेली अमेरिकन पेढी एकाएकी बंद पडली, तेव्हा पैसे भरूनही कित्येकींना पोशाख मिळेना. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरील जकात वाढविली. लग्नाचे बरेच पोशाख चीनमध्ये शिवले जात असल्याने किमतीचीही चिंता त्यात पडली.

या अडचणीवर ‘कन्व्हर्टिबल’ झगा हा एक उपाय आहे. खाली घेरदार झगा, कमरेशी पट्टी आणि तिला जोडलेले दोन लांब पट्टे, अशी त्याची रचना. पट्टे एका खांद्यावरून घ्यावेत, मानेमागे बांधावेत किंवा पाठीवर फुली करून कमरेशी आणावेत. दर वेळी गळा व पाठ निराळी दिसते. कापड विणीचे व ताणले जाणारे असल्याने एकच माप अनेकींना चालते.

गाणे शिकविणाऱ्या मला यात तंबोरा दिसतो. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. तंबोरा मात्र ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे लावता येतो. आपली न शिवलेली साडी तशीच आहे. स्थूल मुलीला आधार हवा, दुसरीला खांदे झाकलेले हवेत. दोघींचा संकोच जातो आणि रांगेचा रंगही बिघडत नाही. या पोशाखाचा खरा गुण हाच.

पण तंबोरा लावावयास वेळ लागतो, तसेच याचेही आहे. पट्टे बांधण्यास दुसरीचा हात लागतो. ढिले बांधले तर नाचताना घसरतात. कापड अंगासरशी बसते, त्यामुळे आतील वस्त्रे जपून निवडावी लागतात. माप सर्वांना चालले तरी उंची चालत नाही. खालची कडा बहुधा दुमडून घ्यावी लागते.

‘हा पुन्हा वापरता येईल’ हे दुकानदाराचे आश्वासन मात्र पारखून घ्यावे. गळा बदलतो, रंग आणि पायघोळ घेर बदलत नाही. फिकट गुलाबी पायघोळ झगा कसाही बांधला तरी कचेरीत चालणार नाही. पुढे वापरावयाचा असेल तर गडद रंग आणि घोट्याच्या वरची लांबी मागावी, आणि लग्नाआधी दोनदा तरी तो बांधून, चालून पाहावा. सख्यांपैकी एखादीची ऐपत बेताची असेल, तर ही निवड करण्यापूर्वी वधूने तिला एकान्तात विचारावे. मैत्रिणीला नाही म्हणणे फार जड जाते, आणि झगा कितीही रूपे बदलो, त्याचे पैसे तिलाच भरावे लागतात.