अन्नपाननिरोध आणि कलम तीन

प्रतिक्रमणात श्रावक अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवतो : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयवाला इजा करणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे, खाणेपिणे तोडणे. प्रवचनांतून यांचे विवरण बहुधा बैलाचे वा नोकराचे उदाहरण घेऊन होते. सुनेचे उदाहरण क्वचितच ऐकू येते. वास्तविक 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम शेजारी ठेवून वाचला, तर त्याचे कलम 3 या अतिचारांच्या किती जवळ आहे हे ध्यानी येते. शारीरिक व लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही तेथे हिंसाच ठरविला आहे. घरखर्चाचे पैसे अडविणे, स्त्रीधन परस्पर विकणे, राहत्या घराचा वापर करू न देणे हे सारे त्यात येते. अन्नपाननिरोधाचे आजचे रूप याहून वेगळे ते काय असणार?

जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणण्याची जुनी रीत आहे. या पाळण्यातही काही घरे अशी असतात, की सुनेचे नाव पेढीच्या भागीदारीपत्रात असते, विवरणपत्रावर तिची सही असते, आणि तिच्या हाती मात्र रिक्षाच्या भाड्याचेही पैसे नसतात. दागिने लॉकरमध्ये, किल्ली सासऱ्यांच्या खिशात. मोफत कायदेशीर मदत गोरगरिबांसाठी असते, अशी या स्त्रीची समजूत असते. ती खरी नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोणतीही स्त्री, तिचे वा तिच्या पतीचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्यास पात्र आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जालन्यात जिल्हा न्यायालयाशी संलग्न आहे. तालुक्याच्या न्यायालयांत तालुका समित्या असतात. साधा लेखी अर्ज पुरतो. 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते.

स्त्रीधनाविषयी तर शंकेला जागाच नाही. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या 1985 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्त्रीच्या पूर्ण मालकीचे ठरविले. 2005 च्या कायद्याच्या कलम 19 खाली दंडाधिकारी ते परत देण्याचा आदेश करू शकतात.

अनेक माहेरे थबकतात ती पोलिसांच्या भीतीने. जावयाला अटक झाली तर समाजात तोंड कसे दाखवायचे, असा प्रश्न मुलीच्या पाठीवरील वळांच्या आधी विचारला जातो, हे दुःखद आहे. पण येथेही समजुतीचा घोटाळा आहे. हा कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे संरक्षण देतो. पीडितेने स्वतः किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे कलम 12 चा अर्ज करावयाचा. त्यावर छळ थांबविण्याचा, घरात राहू देण्याचा, खर्च देण्याचा, मुलांच्या ताब्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश मागता येतो. आदेश मोडला, तरच तो गुन्हा; त्यास एक वर्षापर्यंत कैद वा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. तारखा त्याहून लांबतात, हे कोर्टाची पायरी चढलेला प्रत्येकजण जाणतो. म्हणूनच मूळ अर्जासोबत कलम 23 खाली अंतरिम आदेशाची मागणी करणे शहाणपणाचे. मारहाण गंभीर असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 चा, म्हणजे पूर्वीच्या 498 अ चा, फौजदारी मार्ग वेगळा खुला असतोच.

जालन्याच्या लेकी पुण्याला, हैदराबादला, चेन्नईला दिलेल्या असतात. छळ तिकडे झाला म्हणून खटलाही तिकडेच लढावा लागेल, या विचाराने वडील खचतात. कलम 27 मध्ये याचे उत्तर आहे : पीडिता तात्पुरती जेथे राहत असेल, तेथील न्यायालयातही अर्ज चालतो. माहेरी अंबडला परतलेल्या मुलीला हैदराबादच्या तारखा करण्याचे कारण नाही.

हा कायदा केवळ सुनांचा आहे, हाही एक गैरसमज. हीरल हरसोरा विरुद्ध कुसुम हरसोरा हे मुंबईचे प्रकरण आई आणि मुलीच्या तक्रारीतून उभे राहिले होते. ती तक्रार मुलगा, सून आणि मुलाच्या बहिणींविरुद्ध होती. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादी ‘प्रौढ पुरुष’च असावा, ही अट रद्द केली. त्यामुळे सुनेकडून छळ सोसणारी वृद्ध सासू आणि भावजयीच्या घरात दिवस काढणारी अविवाहित आत्या, दोघींनाही दाद मागता येते. घर सासऱ्यांच्या नावावर असल्याने सुनेला हक्क नाही, हा युक्तिवादही 2020 च्या सतीशचंदर आहुजा निकालानंतर टिकत नाही. मात्र ज्येष्ठांच्या शांततेचाही विचार न्यायालय करते आणि प्रसंगी सुनेसाठी पर्यायी घराची व्यवस्था लावून देते.

आपल्याकडे असे प्रकरण आधी समाजाच्या वडीलधाऱ्यांपुढे जाते. समेटात गैर काहीच नाही; दंडाधिकारीही कलम 14 खाली समुपदेशनास पाठवू शकतात. पण संवत्सरीच्या क्षमापनेचा दाखला देऊन मुलीला त्याच खोलीत परत पाठविणे ही क्षमेची विटंबना होय. क्षमा तिने तिच्या मनाने करावयाची. दुसऱ्या कोणी तिच्या वतीने ती देऊन टाकू नये. आणि संरक्षणाचा आदेश हाती असतानाही क्षमा करता येते.

शास्त्रात हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही प्रकारे मोजली आहे. भिंतीपलीकडचा आवाज ऐकून दूरचित्रवाणीचा आवाज वाढविणारा शेजारी यांपैकी कोठे बसतो, हे त्यानेच ठरवावे. कलम 4 प्रमाणे कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि ती सद्भावनेने दिलेली असल्यास तिच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. तातडीच्या वेळी 112, महिला मदतीसाठी 181. डॉक्टरांची चिठ्ठी, दागिन्यांची छायाचित्रे, लग्नपत्रिका, मुलांचे जन्मदाखले आणि पासबुकाच्या प्रती माहेरी एखाद्या विश्वासू माणसाकडे आधीच ठेवलेल्या असाव्यात. घरातून निघण्याच्या रात्री त्या गोळा करण्याइतका अवकाश मिळत नाही.