भिंतीवरचा कागद आणि चाळणीजवळची वही

ओसरीवरून



पाडवा जवळ आला की आपल्याकडे दारोदार मिरच्या वाळत पडतात. कुणी देठ खुडत असते, कुणी खोबरे भाजत असते. कांडपाच्या दुकानापुढे डब्यांची रांग लागते आणि रस्त्याने जाणारा-येणारा शिंकत पुढे जातो. अशा दिवसांत वारणाकाठच्या एका गावाहून पत्र आले आहे. लिहिणाऱ्या ताई एका महिला गटाच्या सचिव आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे :

"आम्ही अकरा जणी मिळून कांदा-लसूण चटणी करतो. सहा वर्षे झाली. आधी जत्रेत विकली, मग तालुक्याच्या दुकानांत ठेवली. आता पुण्याचे एक मोठे दुकानदार दरमहा माल घ्यायला तयार आहेत. त्यांनी विचारले, 'तुमच्याकडे आयएसओ आहे का?' हे कळल्यावर एक गृहस्थ घरी आले. म्हणाले, बावीस हजार द्या, आठ दिवसांत सर्टिफिकेट चौकटीसकट आणून देतो, तुम्हाला काही म्हणता काही करायला नको. गटाच्या खात्यात नव्या कांडप यंत्रासाठी साठवलेले तीस हजार आहेत. काही जणी म्हणतात देऊन टाका, काही म्हणतात थांबा. भाऊ, तुम्ही काय सांगता?"

ताई, मी सांगतो, थांबा. 'तुम्हाला काही करायला नको' हे ज्याने सांगितले, त्याने आपल्या मालाची परीक्षा आपणच देऊन टाकली. पी हळद अन् हो गोरी, असा हा प्रकार आहे. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. ही हळद मी स्वतः प्यालेलो आहे.

आमच्या गावात आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून डाळ मिल काढली. मी संचालक मंडळात होतो. असेच एक गृहस्थ आले आणि आम्ही पैसे मोजून मोकळे झालो. दहाव्या दिवशी सोनेरी काठाचा कागद आला. आम्ही तो अध्यक्षांच्या खुर्चीमागे लावला, हार घातला, पेढे वाटले. महिन्याभराने मुंबईच्या एका मोठ्या खरेदीदाराचा माणूस आला. त्याने त्या कागदाकडे अर्धा मिनिट पाहिले आणि विचारले, "काटा शेवटचा कधी तपासून घेतला?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. "हे पोते कोणाच्या तुरीचे?" त्याचेही उत्तर नव्हते. "मागच्या सहा महिन्यांत तक्रारी किती आल्या?" अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले, "एकही नाही." तो म्हणाला, "मग तक्रारींची वही कोरी असेल. तीच दाखवा." वही असती तर दाखवली असती! पाहुण्याने चहा घेतला आणि गेला. ऑर्डरही त्याच्याबरोबर गेली. आमच्याकडे धुवायला कपबशी तेवढी उरली.

आता हे आयएसओ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. जगातल्या देशांच्या मानक संस्थांनी मिळून चालवलेली ही एक संघटना आहे. १९४७ साली तिचे काम सुरू झाले. कचेरी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला आहे. खिळ्यामोळ्यांपासून कागदाच्या आकारापर्यंत हजारो गोष्टींची मानके ती ठरवते. त्यांतले ९००१ क्रमांकाचे मानक कारभाराच्या शिस्तीचे आहे. ब्रिटनने १९७९ साली असे एक मानक काढले होते. त्याच्या आधारावर १९८७ साली हे जगासाठी आले. पुढे १९९४, २०००, २००८ आणि २०१५ साली त्यात सुधारणा झाल्या.

इथे एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. हे प्रमाणपत्र मालाला मिळत नाही, काम करण्याच्या रीतीला मिळते. चटणी चांगली आहे, असे ते सांगत नाही. या बायका ठरवलेल्या रीतीने काम करतात, चूक झाली तर शोधतात आणि पुन्हा होऊ नये याची तजवीज करतात, एवढेच ते सांगते. म्हणून पाकिटावर 'आयएसओ प्रमाणित चटणी' असे छापणे चूक आहे. आयएसओचे स्वतःचे बोधचिन्हही छापायचे नसते. मालाच्या दर्जाच्या खुणा वेगळ्या. मसाल्यांसाठी ॲगमार्क आहे, तो १९३७ च्या कायद्यातून आला. आणि खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी किंवा परवाना लागतोच. तो ऐच्छिक नाही. आयएसओ ९००१ मात्र ऐच्छिक आहे.

मग त्याचा उपयोग काय? तुमच्याच चटणीचे उदाहरण घेतो. गटात एखादी सुगरण असतेच. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, मीठ केव्हा, कांदा कितपत वाळलेला, हे सगळे तिच्या हाताला ठाऊक असते. तिला विचारले तर म्हणते, "अंदाजानं घालते." घरच्या बरणीला हा अंदाज पुरतो. पण दरमहा दोनशे किलो माल पुण्याला जायचा असेल आणि ती सुगरण लेकीच्या बाळंतपणाला गेली असेल, तर? त्या महिन्याची चटणी खारट होते. पुण्याच्या गिऱ्हाइकाला तुमच्या घरची अडचण कळत नाही, त्याला मीठ कळते. हात बदलला तरी चव बदलू नये, यासाठी हा सारा खटाटोप आहे.

त्याची सुरुवात एका वहीने होते. तुमच्या कामाला लावून सांगतो.

पहिले, मिरची आली की कोणाकडून, किती, कोणत्या तारखेला ते लिहा. ओल असलेली, काळी पडलेली मिरची परत करायची, हे आधी ठरवा आणि परत केली तेही लिहा. ओलसर मिरचीला बुरशी येते आणि ती कुटल्यावर डोळ्यांना दिसत नाही.

दुसरे, सुगरणीला एकदा सगळे घटक काट्यावर घालायला लावा आणि प्रमाण लिहून भिंतीवर लावा. तिला वाईट वाटू देऊ नका. तिच्या हाताची चव गटाच्या नावावर जमा होते आहे, हे तिला समजावून सांगा.

तिसरे, प्रत्येक घाण्याला क्रमांक द्या आणि तोच पाकिटावर येऊ द्या. एक पाकीट खराब निघाले तर त्याच्याबरोबरची कोणती परत मागवायची ते समजले पाहिजे. नाही तर महिन्याचा सगळा माल परत घ्यावा लागेल.

चौथे, काट्याची वैधमापन खात्याकडून वेळेवर पडताळणी करून घ्या. कांडप यंत्राचा लोखंडी कीस पडतो, म्हणून कुटलेल्या मसाल्यावरून लोहचुंबक फिरवा. चाळणी रोज उजेडात धरून पाहा. ज्या बाईने पाहिले तिची सही वहीत हवी.

पाचवे, तक्रार आली की लिहा. कोणाची, काय, कारण काय सापडले, काय दुरुस्त केले. हा भाग लोक लपवतात. खरे तर सगळ्या वहीत हाच भाग मोलाचा आहे. तक्रार नाही असे म्हणणारा धंदा तक्रार ऐकत नसतो, हे मी मिलमध्ये शिकलो.

निदान दोन-तीन महिने असे चालवा. मग गटातल्याच एकीने दुसरीचे काम तपासायचे. चाळणीवालीने पाकीटवालीचे, पाकीटवालीने खरेदीचे. स्वतःचे काम स्वतः तपासायचे नाही. त्यानंतर सगळ्या जणींनी बसून या तपासणीत काय निघाले, तक्रारी किती आल्या, पुढच्या तिमाहीत काय सुधारायचे ते बोलून लिहून ठेवायचे. ही अंतर्गत तपासणी आणि ही बैठक, दोन्ही मानकात सक्तीच्या आहेत. जाड बांधीव पुस्तिका मात्र सक्तीची नाही. २०१५ पासून ती अट निघाली. तरी दुसऱ्याच कारखान्याची पुस्तिका नाव बदलून विकणारे लोक आजही हिंडतात. आमच्या पुस्तिकेत, डाळ मिल असून, 'वेल्डिंग विभाग' निघाला होता!

एवढे झाले की प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला बोलवायचे. आयएसओ स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र संस्था करतात. आपले भारतीय मानक ब्युरोही करते. तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी तयारी आणि कागदपत्रे पाहतात, मग प्रत्यक्ष काम. त्रुटी निघाल्या तर दुरुस्त करायला मुदत देतात. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची आणि मधल्या काळात दरवर्षी तपासणी. तपासणीला दिवस किती लागणार ते मुख्यतः माणसांच्या संख्येवर आणि कामाच्या स्वरूपावर ठरते. त्यावर खर्च ठरतो. म्हणून दोन-तीन संस्थांकडून दर मागवा आणि विचारताना तीन वर्षांचा मिळून विचारा.

खरा आणि खोटा कसा ओळखायचा? तीन प्रश्न विचारा. एक, "तुमच्या संस्थेला मान्यता कोणाची?" आपल्या देशात भारतीय गुणवत्ता परिषद ही संस्था १९९७ पासून आहे. तिच्या एनएबीसीबी या मंडळाची, किंवा परदेशातल्या तशाच मंडळाची मान्यता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला असायला हवी. मान्य संस्थांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर असते. शिकणाऱ्या पोराला मोबाइलवर पाहायला सांगा. दोन, "वहीही तुम्हीच तयार करून देणार आणि प्रमाणपत्रही तुम्हीच देणार का?" हो म्हणाले तर दार दाखवा. मान्य संस्थेला एकाच गिऱ्हाइकाचा सल्लागार आणि परीक्षक होता येत नाही. पेपर लिहून देणारा आणि तपासणारा एकच असेल तर त्या मार्कांना काय किंमत? तीन, "आमच्या गावात येऊन काम कधी पाहणार?" येणारच नसेल, तर तो कागदच विकतो आहे.

द्राक्ष-डाळिंबवाले बागायतदार विचारतील, "आम्हीही हेच घ्यायचे का?" तुमची वाट थोडी वेगळी आहे. युरोपातल्या दुकानदारांनी १९९७ साली शेतीसाठी युरेपगॅप नावाचे मानक सुरू केले, २००७ पासून त्याचे नाव ग्लोबलगॅप झाले. निर्यातीच्या द्राक्षांना अपेडाच्या ग्रेपनेटमध्ये बागेची नोंद आणि औषधांच्या अंशाची तपासणी असते. घाण्याच्या क्रमांकाचेच हे मोठे रूप. परदेशात पेटीत दोष निघाला तर तो कोणाच्या बागेपर्यंत जातो, हे सापडले पाहिजे. रीत वेगळी असली तरी वही तीच.

आता ताई, तुमचा मूळ प्रश्न. आधी पुण्याच्या त्या दुकानदारांना फोन करून विचारा, "साहेब, तुम्हाला नक्की कोणता कागद हवा?" बरेचदा 'आयएसओ' हा शब्द लोक ओघात टाकतात. त्यांना अन्न परवाना, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पाकिटावर घाणा क्रमांक एवढेच हवे असेल, तर ते तुम्ही थोड्या खर्चात करू शकता. त्यांना ९००१ च हवे असेल, तर मुदत मागून घ्या. "सहा महिन्यांत तयारी करतो, तोवर तुम्ही येऊन आमचे काम पाहा," असे सांगा. धंदा करणारा शहाणा माणूस याला नाही म्हणत नाही. कांडप यंत्राच्या पैशाला हात लावू नका. वही चाळीस रुपयांची येते.

आमच्या मिलचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. तो सोनेरी कागद आम्ही उतरवला. वर्षभर वह्या लिहिल्या, मग मान्य संस्थेला बोलावले. तपासनीस आले तेव्हा अध्यक्ष नवी टोपी घालून खुर्चीत तयार बसले होते. तपासनीस त्यांना नमस्कार करून सरळ आत गेले आणि चाळणीवरच्या मावशींसमोर उभे राहिले. विचारले, "मावशी, चाळणी फाटली तर काय करता?" मावशी तिसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पदराला हात पुसला, खुंटीवरची वही काढली आणि म्हणाल्या, "आषाढात फाटली होती, ही बघा तारीख. मिल थांबवली. आदल्या तपासणीनंतरची तीन पोती परत चाळली. ही माझी सही."

तपासनीस काही बोलले नाहीत, नुसते लिहून घेतले. चार छोट्या त्रुटी निघाल्या, त्या आम्ही दुरुस्त केल्या. प्रमाणपत्र आले तेव्हा पेढे पुन्हा वाटले. पहिला पेढा मावशींना दिला. मुंबईच्या त्या खरेदीदाराची ऑर्डर काही परत आली नाही. दुसरी मिळाली, लहान, पण ती टिकली.

ताई, गटातल्या सगळ्या जणींना माझा नमस्कार सांगा. पहिली वही भरली की कळवा. आणि चटणीचा एक डबा धाडलात तर नाही म्हणणार नाही. मात्र त्यावर घाणा क्रमांक असू द्या!

पुढच्या आठवड्यात भेटूच.