पडद्यावरचे पीक



या खेपेला खते आणि फवारणी बाजूला ठेवून सिनेमाविषयी लिहितो आहे. साहेबांना हे काय सुचले, असे कुणी म्हणेल. पण सिनेमा हा आपल्या जिल्ह्याला परका नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला, हे शाळेतली पोरेही सांगतात. पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कॅमेऱ्यापुढे वाटाण्याचे रोप ठेवले होते. रोज थोडे थोडे चित्र घेऊन ते रोप पडद्यावर बघता बघता वाढताना दाखवले आणि नाव दिले ‘अंकुराची वाढ’. ते पाहून लोकांची खात्री पटली आणि पुढच्या सिनेमासाठी पैसा उभा राहिला. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाचा पाया पिकावरच घातला गेला.

मी स्वतः वर्षाकाठी चार-दोन सिनेमे पाहणारा माणूस. यंदाच्या थंडीत निफाड तालुक्यात बहिणीकडे दोन रात्री मुक्काम पडला. भाचा बारावीला आहे. त्याने टीव्हीला मोबाईल जोडला आणि म्हणाला, “मामा, तुमच्या खात्याचा पिक्चर दाखवतो.” तो होता ‘इंटरस्टेलर’, २०१४ सालचा, ख्रिस्तोफर नोलनचा. बोलणे इंग्रजी, मधे मधे भाचा मराठीत सांगत होता.

गोष्ट अशी की पृथ्वीवर पिकांना रोग लागला आहे. गहू संपला, भेंडीचे शेवटचे पीक शेजारी जाळून टाकतो आहे, उरला फक्त मका. आणि सगळीकडे धूळच धूळ. नायक पूर्वीचा वैमानिक, आता मका पिकवतो. सुरुवातीलाच आकाशात एक बिनमाणसाचे विमान दिसते, तेही आपल्या हिंदुस्थानचे, आणि त्याला पकडण्यासाठी हा गडी उभ्या मक्यात गाडी घालतो. तेव्हा भाच्याची आजी ओरडली, “अगं बाई, उभं पीक तुडवतोय मेला!” तिथून तिचा त्या नायकावरचा विश्वास जो उडाला, तो शेवटपर्यंत बसला नाही. त्या दिग्दर्शकाने मात्र सिनेमासाठी कॅनडात खरोखर ५०० एकर मका लावला होता आणि पुढे तो विकून नफाही काढला. आपल्याकडे मक्यात नफा कसा राहतो, हे तुम्ही जाणताच.

आता माझे खात्याचे मत. त्या सिनेमातला रोग गव्हावरून भेंडीवर आणि भेंडीवरून मक्यावर जातो. असे सहसा होत नाही, गव्हाचा तांबेरा भेंडीवर येत नाही. रोगाचे जंतू हवेतला नत्र घेतात म्हणून माणसाचा श्वास कोंडणार, असेही दाखवले आहे. अहो, हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठींतले जंतू हवेतला नत्रच घेतात आणि आपल्याला फुकट खत देतात! पण एकाच पिकावर सगळे अवलंबून राहिले की काय होते, ही भीती खोटी नाही. १९७० साली अमेरिकेत बहुतेक मक्याचे बियाणे एकाच वंशाच्या मादीपासून तयार केलेले होते. करपा आला आणि देशाचा सुमारे १५ टक्के मका एका हंगामात गेला. आपल्याकडे २०१८ मध्ये मक्यावर लष्करी अळी आली तेव्हाची धावपळ आठवून पाहा. आणि ती धूळ? सिनेमाच्या आरंभी जी म्हातारी माणसे धुळीच्या आठवणी सांगतात, त्यांतली बहुतेक खरी आहेत. १९३०च्या दशकात अमेरिकेत गवताळ माळ नांगरून सगळीकडे गहू केला, वर दुष्काळ पडला आणि वरची माती वाऱ्याने उडून गेली.

पुढे नायक आकाशात जातो. तिथला एक तास म्हणजे इकडची सात वर्षे, वगैरे. ते मला अर्धेमुर्धेच कळले. भाचा मात्र हळूच म्हणाला, “मामा, त्याला शेती नकोच आहे. तो सोडून जातो तेव्हाच पिक्चर सुरू होतो.” मेव्हणे काही बोलले नाहीत. गेल्या हंगामात अवकाळीने त्यांची अर्धी बाग गेली आहे आणि बारावीनंतर काय, हा विषय त्या घरात सध्या कुणी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीच्या समजुतीसाठी हिंदी ‘दृश्यम’ लावला. २०१५ सालचा, आपल्या निशिकांत कामत यांनी केलेला. मूळ २०१३चा मल्याळी. गोव्यातला केबलवाला घरच्यांना वाचवण्यासाठी बसची तिकिटे, हॉटेलची बिले आणि २ ऑक्टोबर ही तारीख अशी काही ठसवतो की साक्षीदारही तीच सांगू लागतात. आजीला फार आवडला. मला पटला नाही. खेड्यात कोण कुठल्या एस्टीने गेले ते पारावर सगळ्यांना ठाऊक असते, तिथे हा डाव टिकायचा नाही. एक मात्र खरे, त्या माणसाकडे तारीखवार कागद होता. आपण फवारणी कधी केली असे विचारले की उत्तर येते, “झाले असतील आठ-दहा दिवस.” द्राक्षाच्या गाड्या परत येतात त्या अशा उत्तरांवरून.

रात्री ‘द मार्शियन’ पाहिला. हाही २०१५चा, रिडली स्कॉटचा. मंगळावर एकटाच अडकलेला माणूस, शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ. जवळ थोडे बटाटे. बाहेरची माती तंबूत आणतो, सोनखत मिसळतो, रॉकेटच्या इंधनातून पाणी तयार करतो, डोळे राखून फोडी लावतो. पहिले हिरवे पान वर आले तेव्हा मेव्हणे सरसावून बसले.

यातही चुका आहेत. मंगळावरची हवा आपल्या शंभराव्या हिश्श्याइतकी विरळ, तिथे वादळाने यान कलंडणार नाही. मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, ते २००८ मध्येच कळले होते. आपण खारवट जमीन पाण्याने धुतो तशी ती आधी धुवावी लागेल. सोनखतही कुजवल्याशिवाय वापरू नये. पण हा गडी दर फोडीचा हिशेब ठेवतो, किती दिवस पुरतील ते लिहून काढतो. तीन सिनेमांत मला हाच आवडला.

मग तंबूचे दार फुटते, बाहेरची थंडी आत शिरते आणि सगळे पीक एका क्षणात गोठते. खोलीत कुणी हलले नाही. थोड्या वेळाने मेव्हणे म्हणाले, “दादा, त्यानं शेकोट्या पेटवायला पाहिजे होत्या.”

“बाबा, तिथं प्राणवायू नाही. जाळ धरणारच नाही,” भाचा म्हणाला.

मेव्हण्यांनी घड्याळात पाहिले. बाहेर पारा उतरत चालला होता आणि बागेत घड भरत होते. त्यांनी घोंगडी घेतली, बॅटरी उचलली. भाच्याने सिनेमा तिथेच थांबवला आणि तो दारामागे चपला शोधू लागला.